दोरीच्या गवतकापणी यंत्राची निगा

आंबा, काजू व नारळ यांच्या बागांत पावसाळ्यांत माजलेलें गवत वेळींच काढणें हें बागाइतदाराचें मोठें काम होय. कोंकणांत तर या कामास दुहेरी निकड असते. आश्विनांत गवत कापून झालें नाहीं, तर माघ-फाल्गुनांत तेंच वाळून वणव्यास सरपण होतें, आणि पंधरा-वीस वर्षें जोपासलेलीं कलमें एका दुपारीं होरपळून जातात. बेणणीस मजूर मिळणें कठीण झाल्यामुळें पुष्कळ शेतकरी बंधूंनीं पेट्रोलवर चालणारें, खांद्यास अडकविण्याचें गवतकापणीचें यंत्र घेतलें आहे. परंतु असें दिसून येतें कीं, पहिल्या सालीं उत्तम चाललेलें यंत्र दुसऱ्या सालीं ऐन हंगामांत अडून बसतें, आणि तिसऱ्या सालीं पडवीच्या कोपऱ्यांत जाऊन पडतें. यांत दोष बहुधा यंत्राचा नसून निगेच्या अभावाचा असतो. ती निगा कशी राखावी व प्रत्येक गोष्ट कां करावी, हें या लेखांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

या यंत्राची कल्पना फार जुनी नाहीं. अमेरिकेंतील ह्यूस्टन शहरीं राहणारे जॉर्ज बॅलस यांनीं १९७१ सालीं, मोटारी धुण्याच्या यंत्रांतील फिरते कुंचे पाहून, पत्र्याच्या डब्यांत मासे धरण्याची दोरी ओंवून हें साधन प्रथम सिद्ध केलें. दोरीस धार नसते. तिचा वेग हीच तिची धार. मिनिटास ६००० फेरे व कापणीच्या वर्तुळाचा व्यास ४० सेंटिमीटर धरला, तर दोरीचें टोंक सेकंदास सुमारें १२५ मीटर या वेगानें फिरतें. वेग कमी झाला कीं गवत कापलें न जातां दोरीभोंवतीं गुंडाळलें जातें. म्हणून इंजिनाचा जोर कायम ठेवणें आणि दोरी योग्य स्थितींत ठेवणें, या दोन गोष्टींत सर्व निगा आली.

प्रथम इंधनाचा विचार करूं. यांतील पुष्कळ यंत्रांचें इंजिन टू-स्ट्रोक जातीचें असतें. अशा इंजिनांत वंगणाचा निराळा सांठा नसतो. पेट्रोलांत मिसळलेलें तेलच दट्ट्या, सिलिंडर व बेअरिंगें यांस वंगण पुरवितें. तेलाचें प्रमाण यंत्राबरोबरच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. तें पन्नासास एक असल्यास एक लिटर पेट्रोलास २० मिलिलिटर, आणि पंचवीसास एक असल्यास ४० मिलिलिटर टू-स्ट्रोकचें तेल घालावें. हें मोजमाप अंदाजानें कधींही करूं नये. तेल कमी पडल्यास दट्ट्या तापून सिलिंडरांत घट्ट बसतो, व ती दुरुस्ती पुष्कळदां नव्या यंत्राच्या किंमतीच्या जवळपास जाते. तेल अधिक झाल्यास धूर होतो, काजळी धरते व प्लग ओला होतो. मिश्रण निराळ्या डब्यांत करून चांगलें हालवावें व मगच टाकींत ओतावें. ज्यांचें यंत्र फोर-स्ट्रोक आहे त्यांनीं मात्र पेट्रोलांत तेल मुळींच मिसळूं नये. त्याचें तेल खालच्या कोठीत निराळें असतें, व त्याची पातळी रोज पाहावी लागते.

पेट्रोलासंबंधीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आपल्या देशांत २०२५ सालापासून पंपावरील सामान्य पेट्रोलांत सुमारें २० टक्के इथेनॉल असतें. उंसापासून व धान्यापासून होणारें हें इथेनॉल शेतकऱ्याच्या हिताचें खरें. परंतु तें हवेंतील ओलावा शोषून घेतें. पाणी फार झालें म्हणजे पाणीमिश्रित इथेनॉल निराळें होऊन तळाशीं बसतें, आणि तेंच प्रथम कारब्युरेटरांत जातें. शिवाय इथेनॉलानें जुन्या रबरी नळ्या व कारब्युरेटरांतील पातळ पडदा हीं लवकर खराब होतात. अतएव आठ-पंधरा दिवसांस पुरेल इतकेंच मिश्रण करावें, डबा घट्ट बंद ठेवावा, व गेल्या हंगामाचें पेट्रोल यंत्रांत घालूं नये.

दुसरी गोष्ट हवेची. इंजिनास पेट्रोलाइतकीच स्वच्छ हवेची गरज असते. हवेची गाळणी धुळीनें व गवताच्या कुसळांनीं भरली म्हणजे हवा कमी पडते, पेट्रोल अधिक जळतें व जोर घटतो. गाळणी स्पंजाची असल्यास ती साबणाच्या कोमट पाण्यांत धुऊन, सावलींत पूर्ण वाळवून, तेलाचे दोन-चार थेंब लावून पिळून बसवावी. कागदाची असल्यास धुऊं नये. हलकेंच झटकावी, व फार मळल्यास बदलावी. गाळणी काढून ठेवून यंत्र चालविणें म्हणजे सिलिंडरांत वाळू घालण्यासारखें आहे. त्याचप्रमाणें सिलिंडराच्या बाहेरील पंखांच्या खांचांत अडकलेलें गवत रोज काम संपल्यावर कुंच्यानें काढावें. त्या खांचांतून वाहणारी हवाच इंजिन थंड ठेविते.

यंत्र सुरू होण्यास त्रास देऊं लागलें, तर प्रथम स्पार्क प्लग काढून पाहावा. त्याचें टोंक फिकट तपकिरी असल्यास सर्व ठीक आहे असें समजावें. काळें व ओलसर असल्यास तेल अधिक झालें किंवा गाळणी मळली. पांढुरकें असल्यास इंजिन फार तापत आहे, म्हणजे बहुधा पेट्रोल कमी पोंचत आहे. प्लगाच्या टोंकांतील अंतर बहुतेक यंत्रांत ०.६ ते ०.७ मिलिमीटर असतें. पेट्रोल कमी पोंचत असेल, तर टाकींतील नळीच्या टोंकास असलेली लहान गाळणी तारेच्या आंकड्यानें बाहेर ओढून तपासावी व मळली असल्यास बदलावी. जोर हळूहळू कमी होत असेल, तर धूर बाहेर पडण्याच्या तोंडाशीं असलेली जाळी पाहावी. ती काजळीनें बुजते. ती साफ करून पुन्हां बसवावीच. वाळक्या गवतांत ठिणगी पडूं न देणें हें तिचें काम असल्यानें ती काढून टाकणें म्हणजे वणव्यास आमंत्रण देणें होय.

दांड्याच्या खालच्या टोंकाशीं दांतेरी चाकांची पेटी असते. तिच्या बाजूचा पेंच काढून सुमारें दर २५ तासांच्या कामानंतर ग्रीस तपासावें व कमी असल्यास घालावें. पेटी गच्च भरूं नये; फाजील ग्रीस तापून सीलबाहेर येतें. इंजिन मंद गतीनें चालत असतां खालचें डोकें फिरतां कामा नये. फिरत असल्यास मंद गती फार ठेविली आहे किंवा क्लचची स्प्रिंग तुटली आहे असें समजावें, व दुरुस्तीपूर्वीं काम करूं नये.

आतां दोरीकडे वळूं. नायलॉन वाळलें कीं ठिसूळ होतें, व ओलावा शोषून लवचिक होतें. म्हणून वापरण्यापूर्वीं दोरी रात्रभर पाण्यांत भिजत ठेवावी. ती कमी तुटते. पुस्तिकेंत सांगितलेल्या जाडीचीच दोरी घ्यावी. अधिक जाड दोरीनें इंजिनावर भार पडतो. दोरी गुंडाळतांना रिळावरील बाणाची दिशा पाहावी, वेढे एकावर एक चढूं देऊं नयेत, व दोन्ही टोंकें सारखीं ठेवावीं. नाहींतर यंत्र थरथरतें व बेअरिंगें झिजतात. संरक्षक पत्र्यावर दोरी बेताची कापणारें लहान पातें असतें. कांहीं गडी अडचण होते म्हणून हा पत्राच काढून टाकितात. त्यायोगें दोरी लांब राहून क्लच जळतो, आणि उडणारे दगड थेट पायांवर येतात. दोरीऐवजीं तार लावणें तर अत्यंत घातक आहे. तिचा तुटलेला तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा जातो.

निगा यंत्राची राखावी तशी झाडाचीही राखावी. दोरी गवत कापते, तद्वत् कोंवळी सालही सोलते. पानांत तयार झालेलें अन्न सालीच्या आंतील थरांतून मुळांकडे उतरतें. ती साल सभोंवार सोलली गेली म्हणजे मुळें उपाशी राहतात, आणि कलम कांहीं महिन्यांनीं वाळूं लागतें. तोंपर्यंत कारण कोणाच्या ध्यानांतही राहत नाहीं. याकरितां प्रत्येक खोडाभोंवतीं दीड-दोन फूट जागा विळ्यानेंच बेणावी. तसेंच वैरणीचें गवत दोरीनें न कापतां विळ्यानें किंवा यंत्रास पातें लावून कापावें. दोरीचे झिजलेले तुकडे गुरांच्या पोटांत जाणें इष्ट नाहीं.

काम करणाऱ्यानें डोळ्यांस चष्मा, पायांत बूट व कानांस बोळे अवश्य घालावे. सभोंवार १५ मीटरांच्या आंत माणूस किंवा जनावर येऊं देऊं नये. पेट्रोल भरण्यापूर्वीं इंजिन बंद करून थंड होऊं द्यावें.

हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करावी, व यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवावें, म्हणजे कारब्युरेटरांत कांहीं उरत नाहीं. मग प्लग काढून त्या भोकांत तेलाचे चार-पांच थेंब सोडावे, दोरी दोन-तीनदां हळू ओढावी, प्लग पुन्हां बसवावा, व यंत्र पुसून कोरड्या जागीं टांगून ठेवावें. कामावरून आलेल्या बैलास चारा-पाणी दिल्यावांचून आपण जेवावयास बसत नाहीं. यंत्र मागत नाहीं, एवढाच फरक. रोजचीं दहा मिनिटें त्यास दिलीं, तर आश्विनांत तें दगा देणार नाहीं.