‘घर परवडत नाही’ या विधानाचा अर्थ

पुण्यातील आमच्या एका सहकाऱ्यांनी दोन वर्षांपूर्वी भाड्याने देण्यासाठी सदनिका घेतली. परवा ते म्हणाले, “घर परवडत नाही, विकून टाकावे म्हणतो.” त्यांची निवृत्तीची पुंजी तीत गुंतलेली असल्याने प्रश्न केवळ शब्दार्थाचा नाही; तथापि उत्तराचा आरंभ शब्दार्थापासूनच करावा लागतो. ‘परवडणे’ हे क्रियापद कोणाला परवडते हे चतुर्थीने सांगते. कशाच्या तुलनेत, हे मात्र अध्याहृत ठेवते.

सदनिकेची किंमत 80 लाख रुपये व मासिक भाडे 20,000 रुपये मानू. वार्षिक भाडे 2,40,000 रुपये, म्हणजे किमतीच्या 3 टक्के होते. गृहनिर्माण संस्थेची वर्गणी, मिळकतकर, दुरुस्ती आणि घर रिकामे राहिल्यामुळे बुडालेले महिन्याचे भाडे यांपोटी 80,000 रुपये वजा केल्यास 2 टक्केच उरतात. व्यवहारात दोन्ही रकमांना ‘उत्पन्न’ म्हणतात. घोटाळा होतो तो येथेच.

आरंभीची तूट दोन प्रकारची असते. मुद्रांक शुल्क, रंगकाम, पहिला भाडेकरू मिळेपर्यंतचा काळ ही तूट एकदाच येते. भाड्याच्या मानाने किंमतच अधिक असणे, ही तूट मात्र टिकून राहते. भाडे व खर्च दरसाल 5 टक्क्यांनी वाढले, तर निव्वळ उत्पन्न दुप्पट होण्यास सुमारे 14 वर्षे लागतात. तेव्हाही ते मूळ किमतीच्या 4 टक्केच भरते. मुदत ठेवीवर 7 टक्के मिळत असतील, तर उरलेले 5 टक्के घराच्या किमतीच्या वाढीतून दरसाल यावयास हवेत.

झालेला खर्च भूतकाळाचा, निर्णय भविष्यकाळाचा. म्हणून कर व विक्रीखर्च वजा जाता हाती येणारी रक्कम समोर ठेवून विचारावे : ‘या पैशात हेच घर मी आज घेईन काय?’

सहकाऱ्यांची पहिल्या वर्षाची तूट बव्हंशी पहिल्या प्रकारची होती. तेवढ्यावरून घर विकणे उतावीळपणाचे ठरेल. परंतु निवृत्तीनंतर मासिक खर्च याच पुंजीतून भागवावयाचा असेल, तर किमतीतील वाढ घर विकेपर्यंत हाती येत नाही, हे विसरता येत नाही. ‘परवडत नाही’ हे त्यांचे विधान पहिल्या वर्षापुरते खरे होते. पुढील वर्षांविषयी ते खरे ठरेल की नाही, हे त्यांना भाडे हवे आहे की वाढ, यावर अवलंबून आहे.