उभ्या ट्रॅक्टरच्या पोटात

पेरणी उरकली की ट्रॅक्टर शेडमध्ये जातो, वर ताडपत्री पडते. दिवाळीच्या सुमाराला सेल्फ मारला, तर नुसतं 'टक्'! ठेवताना ठणठणीत होता. मधल्या चार महिन्यांत कुणी हातही लावला नाही, मग बिघडला कसा?

'टक्' बहुधा बॅटरीचं. चावी काढली तरी नव्या ट्रॅक्टरमधली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा थोडाथोडा करंट घेत राहते. बॅटरी उतरली की शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि दिवसेंदिवस कडक होत जातात.

खरी नवलाई मात्र डिझेलच्या टाकीत आहे. अर्धी रिकामी टाकी चक्क श्वास घेते. दुपारी आतली हवा फुगून बाहेर पडते, रात्री आकसते आणि पावसाळी दमट हवा आत ओढली जाते. तिच्यातलं बाष्प टाकीच्या गार भिंतीवर थेंब धरतं. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून थेंब ओघळून तळाशी बसतात. असं शंभर रात्री चालतं.

मग तिथे जीव वस्तीला येतात! बुरशी आणि जिवाणू. राहायला पाणी, खायला डिझेल. अशा टाकीतलं तळचं डिझेल काचेच्या बरणीत घेऊन उजेडात धरा : खाली पाणी, वर डिझेल आणि मधोमध काळपट, बुळबुळीत साय. ज्या इंधनावर नांगर ओढला जातो, त्यावरच ही साय पोसली जाते.

जुन्या इंजिनाने हे थोडंफार पचवलंही असतं. नव्या कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब 1,600 बारपर्यंत आणि त्याहूनही वर जातो, म्हणजे टायरातल्या हवेच्या हजारेक पट. इंजेक्टरच्या आतल्या फटी अवघ्या काही मायक्रॉनच्या. डोळ्यांना न दिसणारा गंजाचा कणही तिथे अडतो.

'आठवड्यातून पाच मिनिटं चालू करतो की!' असं अनेकजण सांगतात. पण एक लिटर डिझेल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात! तापलेलं इंजिन ती बाहेर फेकतं. थंड इंजिनात तिचं पाणी होऊन सायलेन्सरमध्ये साचतं, थोडं ऑइलमध्येही उतरतं. अशा ट्रॅक्टरचं ऑइलचं झाकण काढून उलटं धरलं, तर आतून ताकासारखा पांढुरका थर दिसतो. रोटाव्हेटर लावून तासभर रान फिरवलं, इंजिन नीट तापलं, की ऑइलमधलं ते पाणी वाफ होऊन निघून जातं.