बाराव्या वर्षी निम्मा होणारा उजेड

दीड मिलिमीटर जाडीची, पाच-सहा मिलिमीटर लांबीची काचेची नळी. तिला बॅटरी नाही, बटण नाही, उन्हात ठेवण्याचीही गरज नाही. तरी ती रात्रंदिवस हिरवी उजळत राहते, वर्षानुवर्षे.

आत ट्रिटियम कोंडलेला असतो. हायड्रोजनचाच भाऊबंद, पण अणुकेंद्रात दोन न्यूट्रॉन जास्तीचे. ते त्याला पेलवत नाहीत. एकेक अणू इलेक्ट्रॉन बाहेर फेकून हेलियम होतो आणि तो इलेक्ट्रॉन काचेला आतून दिलेल्या झिंक सल्फाइडच्या लेपावर आदळला, की तिथे प्रकाश फुटतो.

आता हिशोब पाहा. काही मनगटी घड्याळांच्या तबकडीवर ‘टी २५’ छापलेले असते. म्हणजे आत जास्तीत जास्त २५ मिलिक्युरी ट्रिटियम. तेवढ्यात सेकंदाला साडेब्याण्णव कोटी अणू विघटित होतात. वजन मात्र जेमतेम २.६ मायक्रोग्रॅम, आणि एवढ्या घडामोडीतून निघणारी सारी ऊर्जा एक मायक्रोवॉटही भरत नाही! त्यातलाही थोडाच भाग प्रकाश होतो. तरी अंधाराला सरावलेल्या आपल्या डोळ्यांना तो दिसतो. मला यात ट्रिटियमइतकेच डोळ्याचेही नवल वाटते.

हैदराबादच्या कुकटपल्लीत जेएनटीयू या विद्यापीठाच्या परिसरात इलेक्ट्रॉनिक्सचे प्रयोग करणाऱ्या मुलांना ही नळी भुरळ घालते, ते साहजिकच आहे. कुणाला ती किल्ल्यांच्या जुडग्यात हवी असते, कुणाला दोन छोट्या सौरपट्ट्यांमध्ये बसवून ‘अणुबॅटरी’ करायची असते. वरचा हिशोब या बॅटरीलाही लागू आहे. एका नळीवर साधा कॅल्क्युलेटरही चालणार नाही.

ट्रिटियमचा माग काढत गेलो तर तो आपल्याच मुलखातून जातो. तेलंगणात मणुगुरूला जड पाणी तयार होते, हैदराबादच्याच मौलाअलीजवळच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये अणुइंधनाचे जुडगे बनतात. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसारख्या भट्ट्यांत जड पाण्यातला ड्यूटेरियम एक न्यूट्रॉन गिळतो आणि त्याचा ट्रिटियम होतो. नळ्या मात्र प्रामुख्याने परदेशातून येतात. बर्नजवळची एमबी-मायक्रोटेक ही त्यातली नामांकित कंपनी. तिथे लेसरने काच वितळवून एकाच झटक्यात नळी तोडतात आणि तोंडही बंद करतात.

मग मागवायची का? परवानगीशिवाय नाही. किरणोत्सारी पदार्थांची आयात, विक्री आणि वापर यांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. परदेशी दुकानाने पैसे घेतले आणि पाकीट रवाना केले, म्हणून ते कायदेशीर ठरत नाही. साध्या टपालाने अशी वस्तू पाठवण्याचीही मुभा नसते.

इथे मुले विचारतात, की धोका नसताना अडवणूक का? प्रश्न रास्त आहे. ट्रिटियमचा इलेक्ट्रॉन हवेत सहा मिलिमीटरच्या पुढे जात नाही, कातडीचा मृत थरही त्याला भेदता येत नाही. नळी फुटली तर खोलीबाहेर जावे, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, वायू पांगतो. जपायचे ते ट्रिटियमयुक्त पाण्यापासून, कारण ते शरीरात सहज मुरते. पण विकिरण संरक्षणाचा पहिला प्रश्न ‘धोका किती?’ हा नसून ‘गरज काय?’ हा आहे. खेळणी आणि दागिने यांत किरणोत्सारी पदार्थ घालणे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मानकांत असमर्थनीय मानले आहे. अमेरिकेत हीच नळी घड्याळात आणि बंदुकीच्या माशीवर चालते, किल्ल्यांच्या जुडग्यासाठी विकता येत नाही. मला हा भेद पटतो. एकेकाळी न्यू जर्सीच्या एका कारखान्यात घड्याळांवर रेडियम रंगवणाऱ्या मुली ब्रशचे टोक ओठांनी टोकदार करत आणि त्यातल्या कित्येकींचे जबडे झडले. तेव्हा ‘गरज काय?’ असे कुणी विचारलेच नव्हते.

ट्रिटियमचे अर्धायुष्य १२.३ वर्षे. मूल जन्मले तेव्हा घेतलेली नळी ते सातवीत जाईल तेव्हा निम्म्याहून कमी उजळेल, कारण लेपही थकतो.

प्रयोगच करायचा असेल तर स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेटची पूड घ्यावी. तिच्यात किरणोत्सार नाही, ती विकत मिळते आणि परवाना लागत नाही. दिव्याखाली धरली की पुढे कित्येक तास उजळते, आणि फिकी पडली की पुन्हा दिव्याखाली धरायची.