लोखंडी फाटकाची कमान : गज वाकविण्यामागील विज्ञान

घराच्या अंगणाला लोखंडी फाटक करावयाचे झाले म्हणजे नुसत्या सरळ गजांची चौकट पुष्कळांना रुक्ष वाटते आणि तिच्या माथ्यावर एखादी कमान असावी अशी इच्छा होते. सरळ गज कापणे व जोडणे ही कामे थोड्या सरावाने साधतात. पण कमान करावयास घेतली की एक चमत्कारिक अनुभव येतो. हव्या त्या त्रिज्येचा साचा करून त्यावर गज वाकवीत नेला, तर तो साच्याला सर्वत्र चिकटून बसतो. मात्र जोर काढून घेताच तो उघडतो आणि कमान पसरट होते. दोष गजात नसतो आणि करणाऱ्याच्या हातातही नसतो. धातूचा जो स्वभाव आहे त्याचाच हा परिणाम होय. तो स्वभाव कोणता व त्याचा हिशेब आधीच कसा करावा, हे या पुस्तिकेत पाहू.

कमानीची आखणी

समजा, कमानीची रुंदी १२० सेंटिमीटर आणि मध्याशी उंची २० सेंटिमीटर हवी आहे. ही कमान ज्या वर्तुळाचा भाग आहे त्याची त्रिज्या काढण्याचा नियम सोपा आहे : अर्ध्या रुंदीचा वर्ग उंचीने भागावा, भागाकारात उंची मिळवावी आणि बेरीज निम्मी करावी. येथे ६० चा वर्ग ३,६००; त्याला २० ने भागल्यास १८०; त्यात २० मिळविल्यास २००; आणि त्याचे निम्मे १००. म्हणजे त्रिज्या १०० सेंटिमीटर झाली. अशा कमानीची लांबी सुमारे १२९ सेंटिमीटर भरते. दोरी व खडू घेऊन ती जमिनीवर पूर्ण आकारात रेखून ठेवावी. पुढील सर्व तपासणी याच रेषेवर करावयाची आहे.

गज कापताना १२९ सेंटिमीटरवर थांबू नये. वाकविण्यासाठी लागणारी तरफेची लांबी गजाच्या टोकांशी उरत नाही, म्हणून टोके सरळच राहतात. दोन्ही बाजूंस सुमारे १५ सेंटिमीटर अधिक ठेवावे आणि वाक देऊन झाल्यावर जादा भाग कापून टाकावा. एका कमानीखाली दुसरी कमान बसवावयाची असेल, तर दोहोंचा मध्यबिंदू एकच ठेवून त्रिज्या तेवढी कमी करावी. एकाच त्रिज्येच्या दोन कमानी एकीखाली एक ठेवल्यास त्यांमधील अंतर कडांकडे निमुळते होत जाते, आणि ते डोळ्यांस लगेच खटकते.

वाकताना गजात काय घडते?

बाजारात ‘लोखंडी’ म्हणून मिळणारा गज बहुधा मृदु पोलादाचा असतो. १२ मिलिमीटर जाडीचा असा चौरस गज वरील कमानीप्रमाणे वाकविला, तर त्याची बाहेरची बाजू सुमारे ८ मिलिमीटर लांबते आणि आतली बाजू जवळजवळ तितकीच आखूड होते. या दोहोंच्या मध्ये एक थर असा असतो की तो लांबतही नाही आणि आखूडही होत नाही. त्याला उदासीन स्तर म्हणतात. गजाची लांबी व कमानीची त्रिज्या या स्तरावर मोजावयाची असते.

वाकलेल्या वस्तूची बाहेरील बाजू ताणली जाते व आतील बाजू दाबली जाते, हे इंग्लंडमधील शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात दाखविले होते. ताण व लांबीतील वाढ यांचे प्रमाण सांगणारा त्यांचा सुप्रसिद्ध नियमही त्याच ग्रंथातला. उदासीन स्तराचे नेमके स्थान फ्रेंच अभियंता नाव्हिए यांनी १८२६ मध्ये स्पष्ट केले.

हुक यांचा नियम एका मर्यादेपर्यंतच लागू पडतो. साध्या मृदु पोलादात ही मर्यादा हजार भागांत सुमारे सव्वा भाग लांबण्याइतकी असते. तेवढ्यापर्यंत ताणलेला धातू जोर काढताच पूर्ववत होतो; या गुणाला स्थितिस्थापकता म्हणतात. मर्यादा ओलांडली की धातू कायमचा लांबतो. या गुणाला आकार्यता म्हणतात. आपल्या कमानीत बाहेरील बाजू हजार भागांत सहा भाग लांबते, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ पाचपट. म्हणूनच गजाला वाक धरतो. परंतु त्या सहा भागांतही स्थितिस्थापक अंश उरलेलाच असतो, आणि हात सैल करताच तो आपला हक्क वसूल करतो. गज उघडतो तो यामुळे. या उघडण्याला आपण ‘उसळी’ म्हणू.

उसळीचा हिशेब

मोठ्या त्रिज्येचा सौम्य वाक सोपा आणि लहान त्रिज्येचा घट्ट वाक अवघड, असा सर्वसाधारण समज आहे. जोराच्या दृष्टीने तो खरा असला, तरी अचूकपणाच्या दृष्टीने स्थिती नेमकी उलट आहे. घट्ट वाकात कायमचा बदल फार मोठा असतो आणि त्यापुढे उसळी नगण्य ठरते. सौम्य वाकात कायमचा बदलच थोडा असल्यामुळे उसळीचा वाटा मोठा होतो. फाटकाच्या कमानी सौम्य असतात, म्हणून त्याच फसवितात.

हिशेबासाठी वक्रता ही राशी उपयोगी पडते. त्रिज्येने एकाला भागले म्हणजे वक्रता मिळते. एकाच जाडीचा व एकाच जातीचा गज चांगला वाकविला असता उसळीमुळे त्याची वक्रता दर वेळी जवळजवळ तितकीच कमी होते. हे एकदा मोजले की पुढील काम सुलभ होते.

समजा, ८० सेंटिमीटर त्रिज्येच्या साच्यावर गजाचा एक तुकडा वाकवून सोडला आणि रुंदी व उंची मोजून त्याची त्रिज्या काढली, तेव्हा ती १०७ सेंटिमीटर भरली. साच्यावर असताना वक्रता ०.०१२५० होती, सोडल्यावर ०.००९३५ राहिली. फरक ०.००३१५, हीच या गजाची उसळी. आपणांस १०० सेंटिमीटर त्रिज्या, म्हणजे ०.०१००० वक्रता हवी आहे. तीत उसळी मिळविली की ०.०१३१५ होते आणि तिला अनुरूप त्रिज्या ७६ सेंटिमीटर येते. साचा या मापाचा करावा. या सर्व त्रिज्या गजाच्या मध्यरेषेच्या आहेत. म्हणून साच्याची कड गजाच्या निम्म्या जाडीइतकी, येथे ६ मिलिमीटर, आत घ्यावी.

याच गजाची ३०० सेंटिमीटर त्रिज्येची कमान हवी असेल, तर साचा सुमारे १५४ सेंटिमीटरचा, म्हणजे जवळजवळ निम्म्या त्रिज्येचा लागेल. उलट ५ सेंटिमीटर त्रिज्येची नक्षीची वेलांटी घडविताना साच्यात फरक करावा लागतो तो एखाद्या मिलिमीटरचा!

गज बदलला की चाचणी पुन्हा करणे अवश्य आहे. वाकाच्या दिशेने जाडी कमी असेल, तर उसळी वाढते. स्लॅबमध्ये घालावयाच्या कणखर सळईची सहनमर्यादा साध्या गजाच्या दुप्पट असू शकते आणि त्या प्रमाणात तिची उसळीही दुप्पट होते.

थंड वाक आणि तापविलेला वाक

लांब व सौम्य कमान थंड अवस्थेतच वाकविणे इष्ट. जाड लोखंडी पत्र्यावर कमानीच्या रेषेत खुंट्या जोडून साचा करता येतो. गजाचे एक टोक पक्के धरावे, दुसऱ्या टोकावर लांब नळी चढवावी आणि एका टोकाकडून दुसरीकडे सावकाश सरकत वाक द्यावा. एकाच जागी जोर दिला तर तेथे कोपरा पडतो.

गज लालभडक तापविला असता थोड्या बळाने वाकतो व उसळीही फारशी उरत नाही. लोहार वेलांट्या तापवून घडवितो ते यासाठीच. परंतु लांब गज सर्वत्र सारखा तापविणे कठीण असते. जो भाग अधिक तापला तोच अधिक वाकतो आणि कमान वेडीवाकडी होते.

थंड वाक बिघडला, तर गज पुन्हा पुन्हा मागेपुढे करू नये. तार मागेपुढे वाकवीत राहिल्यास ती आधी कडक होते व मग तुटते, हे सर्वांस ठाऊक आहे. धातूच्या स्फटिकांत अणूंच्या रांगा जेथे चुकलेल्या असतात अशा जागा, म्हणजे स्थानभ्रंश, वाकविताना सरकतात व वाढतात. पुढे ते एकमेकांना अडवितात आणि धातू ताठर होतो. ही कल्पना टेलर, ओरोवान व पोलान्यी या तीन शास्त्रज्ञांनी १९३४ मध्ये स्वतंत्रपणे मांडली. कमान किंचित कमी वाकली असेल तर आणखी वाक देणे सोपे. म्हणून पहिल्या वेळी थोडे कमीच वाकवावे.

काही दक्षता

कमान मापात नसली की ती शिकंज्याने ओढून चौकटीत बसवावी व तशीच वेल्डिंगने जोडून टाकावी, असा मोह होतो. तो टाळला पाहिजे. दाबून बसविलेला गज आपली स्थितिस्थापक शक्ती जोडांवर सतत खर्ची घालीत असतो. दार त्यामुळे पिळले जाते आणि कडी कोंड्यात बसत नाही. आणि पुढे गंजाने जोड निकामी झाला, तर गजाचे टोक झटक्याने उसळते. ज्या फाटकावर मुले लोंबकळतात त्यात असा साठविलेला जोर ठेवणे धोक्याचे आहे. चांगली कमान जोडण्यापूर्वी नुसती ठेवली तरी आपल्या जागी स्वस्थ बसते. तिची खरी परीक्षा हीच.

जस्ताचा मुलामा असलेला गज तापवू नये. त्याचा धूर छातीत गेल्यास ताप भरतो. तापविलेल्या गजाचा लाल रंग गेला तरी तो हात भाजण्याइतका तप्त असतो, हेही विसरू नये. वाक देताना नळी निसटल्यास गज मागे उसळतो, म्हणून त्याच्या मार्गात कोणी उभे राहू नये.

शाळेत हा सर्व प्रयोग साध्या तारेवरही करता येईल. निरनिराळ्या जाडीच्या बाटल्यांभोवती एकच तार गुंडाळून सोडावी, वेटोळ्यांच्या त्रिज्या मोजाव्यात आणि प्रत्येक वेळी वक्रता किती घटली ते कोष्टकात मांडावे. बाटली बदलली तरी हा फरक फारसा बदलत नाही, असे दिसून येईल. फाटकाच्या कमानीचा साचा ज्या आकड्यावर ठरतो, तो आकडा असा विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या हाती लागेल.