उल्कापात : भीति आणि निरीक्षण

रात्रीं तारा तुटला म्हणजे कोणी थोर मनुष्य गेला असें समजून मुलांस ‘वर पाहूं नका’ म्हणून सांगणारीं घरें अद्यापि आढळतात. यास्तव या विषयावर चार शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

वस्तुतः तारा कधींच तुटत नाहीं. धूमकेतु सूर्याजवळून जातांना आपल्या मार्गांत धूळ सांडीत जातो, व वर्षांतील ठराविक दिवशीं पृथ्वी त्या धुळींतून जाते. त्या वेळीं वाळूच्या कणाएवढा खडा सेकंदास ११ ते ७२ किलोमीटर वेगानें वातावरणांत शिरतो व सुमारें १०० किलोमीटर उंचीवर तापून नाहींसा होतो. हीच उल्का. ती शुक्राहूनहि तेजस्वी असल्यास तीस अग्निगोल म्हणतात. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत् व तारा असे पांच भेद सांगितले असून अशनि मोठा ध्वनि करीत पडते असें म्हटलें आहे. त्यांतील शुभाशुभ फलें सोडावीं, पण हें ध्वनीचें लक्षण विसरूं नये.

१५ फेब्रुवारी २०१३ रोजीं सकाळीं रशियांतील चेल्याबिन्स्क शहराजवळ सुमारें २० मीटर व्यासाचा पाषाण आकाशांत फुटला. प्रकाश आधीं दिसला; हवेचा धक्का शहरांत पोंचावयास दोन मिनिटांहून अधिक काळ लागला. तेवढ्या वेळांत लोक कुतूहलानें खिडक्यांशीं गेले, आणि सुमारें दीड हजार माणसें बहुतांशीं फुटलेल्या कांचांनीं जखमी झालीं. एका शिक्षिकेनें मात्र प्रकाश पाहतांच आपल्या वर्गांतील चाळीसांहून अधिक मुलांस बाकांखालीं बसविलें. बाई स्वतः कांचेनें जखमी झाल्या. मुलें सुखरूप राहिलीं. म्हणून मोठा अग्निगोल दिसल्यास मुलांस खिडकीपासून दूर न्यावें, हें प्रत्येक गृहिणीनें ध्यानीं ठेवावें. साध्या उल्केपासून मात्र कसलेंहि भय नाहीं.

ऑगस्टच्या १२–१३ तारखांचा ययातींतील उल्कावर्षाव आपल्याकडे बहुधा ढगांआड जातो. डिसेंबरच्या १३–१४ तारखांस मिथुन राशींतून येणारा वर्षाव महाराष्ट्रांतून उत्तम दिसतो. याचें मूळ धूमकेतु नसून १९८३ सालीं सांपडलेला फेथन नांवाचा लघुग्रह आहे, हें विशेष. दुर्बिणीची गरज नाहीं. गच्चीवर सतरंजी अंथरून पांघरूण घेऊन पडावें, दिवे मालवावे, व डोळे अंधारास सरावण्यास अर्धा तास द्यावा. मध्यरात्रीच्या सुमारास मिथुन रास बरीच वर येते. उल्का दिसतांच वेळ, कोणत्या नक्षत्राजवळ उगम व कोठें लोप, रंग आणि तेज यांची नोंद करावी; अग्निगोल असल्यास पुढें कांहीं मिनिटें ध्वनीकडे कान द्यावा.

अशा नोंदींस किंमत नाहीं असें कोणी समजूं नये. १७९८ सालीं ब्रांडेस व बेन्झेनबर्ग या दोघा जर्मन विद्यार्थ्यांनीं कांहीं अंतरावरच्या दोन ठिकाणांहून एकाच उल्केच्या नोंदी केल्या आणि त्यांवरून उल्कांची उंची गणितानें काढली. तेव्हां येत्या डिसेंबरांत वडील माणसांनीं मुलांस मान खालीं घालावयास न सांगतां हातीं वही द्यावी व त्यांच्याशेजारीं स्वतःहि बसावें, अशी आमची विनंति आहे.