पुण्याचा आकडा, वऱ्हाडचे ऊन

जून २०२२ च्या पहिल्या आठवड्यात अमरावती आणि अकोला यांच्यामध्ये, राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वर, १०५ तास ३३ मिनिटांत एका लेनचा ७५ किलोमीटर डांबरी थर सलग अंथरला गेला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता, सव्वापंचवीस किलोमीटरचा. त्यापूर्वी कित्येक वर्षे बडनेरा ते बोरगाव मंजू हा पट्टा ज्यांनी खड्डे चुकवत, खालच्या गिअरमध्ये काढला, त्यांना या गुळगुळीत डांबराचे अप्रूप वाटले ते साहजिक होते. रस्ता सुधारला की गाडीचे ॲव्हरेज सुधारणार आणि शोरूममध्ये सांगितलेला आकडा आता तरी हाती लागणार, हा हिशेबही तितकाच साहजिक. पण हा हिशेब बहुतेकांचा चुकतो. त्याला केवळ कंपनीचा खोटेपणा किंवा चालवणाऱ्याचा पाय कारणीभूत नाही. तो आकडा ज्या प्रवासात मोजला जातो, तो प्रवासच वेगळा आहे.

मारुतीच्या २०२४ मध्ये आलेल्या नव्या स्विफ्टचे उदाहरण घेऊ. हाताने गिअर बदलण्याच्या मॉडेलसाठी लिटरला २४.८० किलोमीटर आणि आपोआप गिअर बदलणाऱ्या मॉडेलसाठी २५.७५ असे आकडे जाहीर झाले. असे आकडे पुण्याची एआरएआय किंवा हरियाणातल्या मानेसरची आयकॅट अशा मान्यताप्राप्त संस्थांच्या प्रमाणित चाचणीतून येतात. ही चाचणी रस्त्यावर होत नाही. प्रयोगशाळेत गाडीची चाके रुळांवर ठेवतात, हवेचा आणि टायरचा जेवढा विरोध रस्त्यावर झाला असता तेवढा भार रुळांवर देतात आणि ठरलेल्या वेळापत्रकानुसार गाडी चालवतात. हे वेळापत्रक ११८० सेकंदांचे, म्हणजे वीस मिनिटांनाही थोडे कमी. त्यात शहरी वाहतुकीसारखा थांबत-चालत जाणारा एक तुकडा चार वेळा येतो आणि शेवटी मोकळ्या रस्त्याचा एक लांब तुकडा. सारे मिळून अंतर साधारण साडेदहा किलोमीटर, सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास, सर्वाधिक वेग ९०. प्रयोगशाळेचे तापमान २० ते ३० अंशांत राखलेले असते आणि एसी बंद असतो. त्या आकड्यामागे ना चढ आहे, ना समोरून येणारा वारा, ना मागच्या सीटवर बसलेले कुटुंब.

यातला ९० चा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ९० वरून १२० वर गेला की तो १६ भागिले ९ पट, म्हणजे जवळपास पावणेदोन पट होतो. समृद्धी महामार्ग अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव, नांदगाव खंडेश्वर या भागातून जातो आणि तिथे मोटारींना १२० ची मुभा आहे. तो वेग कायद्याच्या चौकटीतला असला तरी चाचणीच्या चौकटीतला नाही. चौपदरी महामार्गावर १०० ने गेले तरी आपण चाचणीच्या बाहेरच असतो. जुन्या खड्ड्यांच्या रस्त्यावर पेट्रोल ब्रेक आणि गिअर बदलण्यात जात होते, नव्या रस्त्यावर ते हवा कापण्यात जाते. रस्त्याने दिलेली बचत वेगाने परत घेतली. आता कोणी म्हणेल, आमची गाडी अकोला रोडवर २४ देते की! देऊ शकते. हा मुलूख सपाट आहे. डिसेंबरच्या सकाळी एसी बंद ठेवून, टायरमध्ये योग्य हवा भरून, वरच्या गिअरमध्ये ७०-७५ च्या वेगाने मूर्तिजापूरपर्यंत गेले तर आकडा कंपनीच्या जवळ जाईल, कदाचित ओलांडेलही. यातून एवढेच सिद्ध होते की प्रयोगशाळेशी मिळतीजुळती परिस्थिती वऱ्हाडातही वर्षातले काही दिवस असते.

उरलेल्या दिवसांचे काय? अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो, आणि देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांच्या यादीत अकोला-अमरावतीचे नाव असणे ही उन्हाळ्यातली नेहमीची बातमी आहे. उन्हात उभी राहिलेली गाडी आतून बाहेरच्यापेक्षाही कितीतरी जास्त तापते. ती थंड करायला कॉम्प्रेसरला दोनेक किलोवॅट शक्ती लागते, असा ढोबळ हिशेब धरू. सपाट महामार्गावर ८० ने जाणाऱ्या लहान गाडीला पुढे ढकलायला चाकांवर सुमारे सात किलोवॅट लागतात, तिथे हा भार जाणवतो पण सोसवतो. तीच गाडी अमरावतीत राजकमल चौकातून पंचवटीकडे किंवा अकोल्यात टॉवर चौकातून गांधी रोडला ताशी वीसच्या सरासरीने रेंगाळत असेल, तर तिला चालायला लागणारी शक्ती आणि केबिन थंड करायला लागणारी शक्ती जवळपास सारख्याच होतात. शिवाय सिग्नलला उभी असतानाही ती तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल जाळत असते, आणि त्या वेळेचे अंतर शून्य. दोन्ही शहरांतल्या फेऱ्या मुळात आखूड, दोन-तीन किलोमीटरच्या. म्हणजे केबिन थंड होण्याचा सर्वांत खर्चीक टप्पा पुरता संपायच्या आतच गाडी घरी पोचते आणि दुपारी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. वऱ्हाडात एसी ही चैन उरलेली नाही. लहान लेकरू किंवा म्हातारी आई गाडीत असेल तर एप्रिल-मेच्या दुपारी एसी बंद करून ॲव्हरेज वाचवायला सांगणे क्रूरपणाचे आहे.

दोन-तीन वर्षांपासून प्रत्येक तक्रारीचे उत्तर एका शब्दात दिले जाते: इथेनॉल. त्यात तथ्य आहे, पण मर्यादित. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणात, शुद्ध पेट्रोलच्या मानाने, लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के आणि नव्या मिश्रणाला जुळवून घेतलेल्या गाड्यांसाठी १ ते २ टक्के घट सांगितली होती. म्हणजे पंचविसाचे साडेतेवीस झाले तर इथेनॉलकडे बोट दाखवता येईल. पंचविसाचे सतरा झाले तर बाकीचे उत्तर ऊन, वेग आणि आखूड फेऱ्या यांतच शोधावे लागेल.

मग कंपन्या फसवतच नाहीत का? काही वेळा फसवणूक सिद्ध झाली आहे. अमेरिकेत नोव्हेंबर २०१२ मध्ये ह्युंदाई आणि किया यांना सुमारे नऊ लाख गाड्यांचे मायलेज फुगवून सांगितल्याचे मान्य करून आकडे उतरवावे लागले आणि २०१४ मध्ये १० कोटी डॉलरचा दंड भरावा लागला. आपल्याकडे त्रिशूरच्या ग्राहक न्यायालयाने २०२२ मध्ये एका ग्राहक महिलेला ३ लाख १० हजार रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. जाहिरातीत ३२ चा आकडा होता, तज्ज्ञाच्या तपासणीत १९.६ भरला. अशा प्रकरणांत दाद मागायलाच हवी. पण गाडी प्रामाणिकपणे तपासली गेली, आकडा खरा निघाला आणि तरीही तो अकोल्यातल्या ग्राहकाच्या कामाचा नाही, हे त्याहून कितीतरी वेळा घडते, आणि त्याविरुद्ध कोणत्याही न्यायालयात जाता येत नाही. मला खरी उणीव इथे दिसते.

यावर एक व्यवहारी उत्तर ऐकू येते. फरक सगळ्यांनाच ठाऊक आहे, कंपनीच्या आकड्यातून वीस टक्के वजा करा आणि गाडी निवडा. निदान दोन गाड्यांची तुलना तरी बरोबर होईल. हा युक्तिवाद मांडून पाहिला की ढासळतो. एक गाडी २५ देते, दुसरी १८. म्हणजे १०० किलोमीटरला पहिलीला ४ लिटर, दुसरीला साधारण साडेपाच. उन्हाळ्यात एसीपायी दोघींनाही १०० किलोमीटरमागे एकेक लिटर जास्त लागले असे धरा, कारण केबिनमध्ये शिरलेले ऊन बाहेर काढताना इंजिन लहान की मोठे याचा फारसा प्रश्न नसतो. पहिली गाडी २५ वरून २० वर येते, दुसरी १८ वरून १५ च्या थोडी वर थांबते. काटकसरी गाडीची वीस टक्के घसरण, दुसरीची पंधरा. म्हणजे सगळ्यांना लागू पडेल असा वजाबाकीचा एक आकडा नाहीच, आणि सर्वांत मोठा फटका ज्याने पै-पै मोजून सर्वांत लहान गाडी घेतली त्यालाच बसतो. दिवाळीत कापूस-सोयाबीनचे पैसे हाती आल्यावर कर्ज काढून गाडी घेणारे घर महिन्याला १००० किलोमीटर धरते, २५ च्या हिशेबाने ४० लिटर मोजते आणि प्रत्यक्षात १८ मिळाले तर साडेपंचावन्न लिटर भरते. लिटरला १०५ रुपये धरले तरी महिन्याला सोळाशेवर रुपये, म्हणजे हप्त्यात न मोजलेला आणखी एक हप्ता.

चाचणी जितकी जुनी होते तितका फरक वाढतो, हेही युरोपात दिसून आले. आपली चाचणी ज्या युरोपीय चाचणीवरून बेतलेली आहे, तिच्यात आणि रस्त्यावरच्या खर्चात २००१ मध्ये सुमारे नऊ टक्क्यांची तफावत होती, ती २०१५ पर्यंत ४२ टक्क्यांवर गेली. चाचणीच्या सवलती ओळखून गाड्या घडवण्यात कंपन्या तरबेज होत गेल्या. अखेर सप्टेंबर २०१७ पासून युरोपने अर्ध्या तासाची, १३१ च्या वेगापर्यंत जाणारी नवी चाचणी आणली. अमेरिकेने तर २००८ च्या मॉडेलांपासूनच जास्त वेग, थंडी आणि चालू एसी यांचा हिशेब आकड्यात धरला. तिथली एसीची चाचणी ३५ अंशांवर होते. अकोल्यात ३५ अंश म्हणजे फेब्रुवारीअखेरची दुपार. नवी चाचणी आणल्याने गाड्या महागतील, हा आक्षेप मला पटत नाही, कारण मागणी गाडी बदलण्याची नसून आकडा बदलण्याची आहे. शहरात किती, महामार्गावर किती आणि ४० अंशांत एसी चालू ठेवून किती, हे तीन आकडे शोरूममधल्या पाटीवर असावेत.

तोवर घरच्या हिशेबाला टाकी फुल करण्याची जुनी रीतच बरी. एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरा, किलोमीटर लिहून ठेवा, पुढच्या वेळी तसेच भरून लिटरने भागा. आणि एका टाकीवर न थांबता तीन-चार टाक्यांची सरासरी काढा. डॅशबोर्डवरचा आकडा बऱ्याचदा किंचित उदार असतो. वहीत मे आणि डिसेंबर वेगळे ठेवावेत, चिखलदऱ्याची फेरीही वेगळी. परतवाड्याहून तिथे पोचताना माणसांसह बाराशे किलोची गाडी सातशे मीटरहून अधिक उंच जाते. निव्वळ तेवढी चढण चढायलाच सुमारे एक लिटर पेट्रोल लागते, आणि उतरताना त्यातले थोडेच परत मिळते.