उन्हाळ्यातील बास मासा आणि तरंगते आमिष

युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावर, विशेषतः इंग्लिश खाडीच्या दोन्ही काठांवर व आयर्लंडच्या दक्षिणेस, जून ते सप्टेंबर या महिन्यांत बास नावाचा शिकारी मासा पाण्यावर तरंगणाऱ्या कृत्रिम आमिषाने गळाला लावण्याची पद्धत गेल्या काही दशकांत चांगलीच रूढ झाली आहे. या आमिषास ना वास असतो, ना चव. हातात घेऊन पाहिले तर त्याचे माशाशी असलेले साम्यही ओबडधोबडच ठरते. असे असता हा सावध मासा त्यावर झडप का घालतो, हा प्रश्न वरवर पाहता करमणुकीचा वाटेल. परंतु त्याचा उलगडा करू जाता प्रकाशशास्त्रापासून मत्स्यसंवर्धनाच्या कायद्यापर्यंत जावे लागते.

प्रथम नावाविषयी. येथे अभिप्रेत असलेला बास म्हणजे लिनियसने १७५८ मध्ये वर्णिलेला, मोरोनिडी कुळातील मासा. त्याचे आजचे शास्त्रीय नाव डायसेंट्रार्कस लॅब्रॅक्स असे आहे. आपल्या खाड्यांतील जिताडा हाही व्यापारात ‘आशियाई सी-बास’ म्हणून ओळखला जातो. तथापि त्याचे कुळ लॅटिडी असून जीवनक्रम सर्वस्वी निराळा आहे. नामसादृश्यावरून एकाची अनुमाने दुसऱ्यास लावणे युक्त नव्हे.

बासचे प्रजनन साधारणतः फेब्रुवारी ते मे या काळात किनाऱ्यापासून दूर, खुल्या पाण्यात होते. त्यानंतर प्रौढ मासे किनाऱ्याकडे वळतात. हिवाळ्याच्या अखेरीस खाडीतील पृष्ठजल आठ-नऊ अंश सेल्सिअसपर्यंत थंडावलेले असते. ऑगस्टमध्ये ते सोळा-सतरा अंशांवर जाते. पाण्याबरोबर माशाचे शरीर तापते, चयापचयाचा वेग वाढतो व भूकही वाढते. याच सुमारास वाळूत दडणारे बारीक, लांबट सँड-ईल, तारलीच्या कुळातील स्प्रॅट आणि बांगड्याच्या जातीच्या माशांची पिले उथळ पाण्यात दाटी करतात. खूण बांधून सोडलेल्या माशांच्या अभ्यासातून असेही दिसून आले आहे की, अनेक बास दर उन्हाळ्यात किनाऱ्याच्या त्याच टापूत परत येतात. ही गोष्ट गरवणाऱ्यास सोयीची खरी, परंतु माशाच्या दृष्टीने धोक्याची आहे.

मात्र बास हा मूलतः पृष्ठभागावर चरणारा मासा नव्हे. त्याच्या आहारात खेकड्यांचा वाटा मोठा असतो, आणि ते तळाशीच मिळतात. हौशी लेखकांच्या वर्णनांत याचा बहुधा विसर पडलेला दिसतो. तो वर येतो तो भक्ष्याची कोंडी झालेली असेल तेव्हा. खडकांवरून भरतीचा जोरदार प्रवाह वाहत असताना, किंवा पहाटे व तिन्हीसांजेस, लहान माशांना पृष्ठभागापलीकडे पळावयास जागा उरत नाही.

आता दृष्टीचा विचार करू. समुद्रजलाचा वक्रीभवनांक सुमारे १.३४ असल्यामुळे, पाण्याखालून वर पाहणाऱ्या डोळ्यास बाहेरचे सारे आकाश सुमारे ९७ अंशांच्या शंकूत एकवटलेले दिसते. एक मीटर खोलीवरील माशास ही प्रकाशाची खिडकी सुमारे सव्वादोन मीटर व्यासाच्या वर्तुळासारखी भासते. त्या वर्तुळाबाहेर पूर्ण आंतरिक परावर्तन होते, व पाण्याचा पृष्ठभाग आरशाप्रमाणे तळाचा काळोख दाखवितो. तरंगते आमिष खिडकीबाहेर असेतो त्याचा केवळ बुडालेला भाग आणि त्याचे प्रतिबिंब एवढेच माशास दिसते. ते वर्तुळात शिरले की उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर एक काळसर आकृती उमटते. या आकृतीत खवले, डोळे, पाठीवरील रंग यांना फारसा अर्थ उरत नाही; उरतात ते आकारमान, लांबटपणा आणि हालचाल. दुकानांत मांडलेल्या नानाविध रंगछटा बहुधा माशापेक्षा गिऱ्हाइकालाच अधिक गळाला लावतात. पहाटेच्या मंद उजेडात तर वरचे भक्ष्य आकाशाच्या उजेडावर उठून दिसते आणि खालचा शिकारी अंधारात लपून राहतो.

दृष्टीच्या जोडीस पार्श्वरेषा हे इंद्रिय काम करते. शरीराच्या दोन्ही बाजूंस असलेल्या या इंद्रियाने माशास जवळच्या पाण्यातील सूक्ष्म हालचाल जाणवते. जखमी मासा पृष्ठभागावर तडफडू लागला की लाटांची व आवाजाची एक विशिष्ट खळबळ उठते, आणि आमिष नक्कल करते ती या खळबळीची. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकाचे तोंड वाटीसारखे खोलगट असते. झटका देताच ते पाणी उडवून ‘डुबुक’ असा आवाज करते. दुसऱ्याचा आकार विडीसारखा निमुळता असून वजन शेपटीकडे असते. तंगूस क्षणभर सैल सोडून छडीच्या टोकास लहान लहान झटके दिले म्हणजे ते आळीपाळीने डावी-उजवीकडे वळत नागमोडी चालते. येथे सैल सोडणे महत्त्वाचे, कारण ताणलेल्या तंगुसाने आमिष नुसते सरळ ओढले जाते. किंचित तरंग उठलेले पाणी या कामी उत्तम. आरशासारख्या शांत पाण्यात मासा आमिष न्याहाळून परत फिरतो, तर फेसाळ लाटांत ते हरवून जाते. शिवाय उन्हाळ्यात खडकांवर शैवाल माजलेले असते. बुडणारा गळ तेथे हमखास अडकतो, तरंगणारा वरून निघून जातो.

झडप बसूनही मासा न लागणे हा या पद्धतीतील नित्याचा अनुभव होय. बास तोंड झपाट्याने उघडून पाण्याच्या लोंढ्यासह भक्ष्य आत ओढतो. पृष्ठभागावर पाण्याबरोबर हवाही आत शिरते व ओढ कमी पडते. हलके आमिष माशाच्या पुढे रेटल्या जाणाऱ्या पाण्यानेच बाजूस सारले जाते. म्हणून पाणी उसळताच छडी उचलू नये. आमिष तसेच चालवीत राहावे आणि माशाचे वजन हातास जाणवल्यावरच छडी उचलावी.

मात्र हे कौशल्य ज्या माशावर चालते तो सावकाश वाढणारा आहे. मादी प्रजननक्षम होण्यास पाच ते सात वर्षे लागतात, आणि तेव्हा तिची लांबी ४२ सेंटिमीटरांच्या आसपास असते. २०१० नंतर उत्तरेकडील साठा झपाट्याने घटला. नव्या पिढ्या दुर्बळ निघाल्या आणि मासेमारीचा भार मात्र कायम राहिला, ही त्याची मुख्य कारणे. २०१५ मध्ये युरोपीय संघाने प्रजननकाळातील तरत्या जाळ्यांची ओढ थांबविली, पकडण्याची किमान लांबी ३६ वरून ४२ सेंटिमीटर केली व गळवाल्यांस दिवसाकाठी तीन माशांची मर्यादा घातली. २०१६ च्या पूर्वार्धात तर त्यांस एकही मासा ठेवता येईना. आयर्लंडने आपल्या नौकांस बासच्या व्यापारी मासेमारीची बंदी १९९० पासूनच केली आहे.

यामुळे पकडलेला मासा सोडून देणे हा या छंदाचा भागच झाला. सोडलेला मासा जगतो की नाही, हे मुख्यत्वे गळ कोठे रुतला यावर अवलंबून असते. खरा चारा मासा गिळतो, त्यामुळे गळ घशात वा जठरात जातो. तरंगते आमिष बहुतेक ओठाशीच अडकते. या दृष्टीने ही पद्धत माशास कमी घातक ठरते. दोष आहे तो आमिषाखाली टांगलेल्या दोन-दोन तिहेरी गळांचा. एक ओठात रुतला की दुसरा धडपडीत डोळ्यात किंवा कल्ल्यात शिरतो, आणि तो सोडविण्यास लागणारा वेळ माशास पाण्याबाहेर काढावा लागतो. तिहेरी गळ काढून त्यांच्या जागी काटा चेपलेले एकेरी गळ बसविण्यास फार तर पाच मिनिटे लागतात. आमिषाचा तोल त्याने थोडा बदलतो, व शेपटीकडे किंचित जड गळ लावून तो पुन्हा साधता येतो.